नातवाला भेटायचा हक्क आहे का मला?

प्रश्न : ताई, आम्ही पंचवटीत राहतो. मुलगा दीड वर्षापूर्वी ॲक्सिडेंटमध्ये गेला, त्यानंतर सून चार वर्षांच्या नातवाला घेऊन नाशिकरोडला माहेरी गेली ती गेलीच. मुलाच्या एफडीवरून बोलाबोली झाली आणि तेव्हापासून फोन पण उचलत नाही. बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने केले होते ते तसेच डब्यात पडलेत. शेजारचे म्हणतात केस टाका, सुप्रीम कोर्टाने आजीआजोबांना नातू दिलाय. खरंय का?

उत्तर : काकू, पत्र दोनदा वाचलं, दोन्ही वेळा त्या डब्यापाशी अडकले.

शेजारी म्हणतायत ती केस बहुतेक २०२२ ची, पण त्यात पोराचे आईवडील दोघंही कोरोनात गेले होते आणि भांडण आजीआजोबा नि मावशीत होतं. तुमच्या नातवाची आई आहे, वडिलांनंतर १९५६ च्या कायद्याने तीच नैसर्गिक पालक, तेव्हा ताबा मागायच्या भानगडीत पडूच नका. आजीचा हक्क असं वेगळं कलम आपल्याकडे नाही, कोर्ट बघतं ते पोराचं हित. भेटीसाठी मात्र फॅमिली कोर्टात अर्ज करता येतो, नातू राहतो तिथल्या, म्हणजे नाशिकमध्येच. त्याआधी सीबीएस बसस्टँडजवळच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बायकांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, आणि मध्यस्थीचं पण बघतात.

एफडीचं मला खटकलं हो. मुलाने मृत्यूपत्र केलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याने आई, बायको आणि मुलगा तिघं सारखे वाटेकरी, म्हणजे तिसरा हिस्सा तुमचा, कबूल. पण पैशाचं नि नातवाचं एका दमात बोललात तर सुनेला वाटणारच की ह्या पैशासाठी येतायत, तिच्या जागी मलाही वाटलं असतं. आणि मुलगा गेला म्हणून नातू काही आजोबांच्या वारसांतून बाद होत नाही, हे मिस्टरांनी स्वतःहून तिला सांगितलं तर किती फरक पडेल बघा.

सुनेला सारखा फोन लावू नका. विहीणबाईंना लावा. म्हणावं, यंदा बोरन्हाण तुमच्याकडेच घाला, दागिने मी नवे करून आणते, आधीच्यांना ओल आली असेल.