हॉलमधल्या दिव्यांसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न नाशिकच्या एका ताईंचा आहे. १९९८ च्या इमारतीतला टू-बीएचके त्यांनी दोन वर्षांपूर्वी रिसेलमध्ये घेतला. यजमानांच्या भावाने नव्या घरात फॉल्स सीलिंग करून कडेने लपवलेल्या पट्टीचे दिवे लावले, ते पाहून यांच्याही मनात आलं. इलेक्ट्रिशियनने १,४२,००० रुपयांचं कोटेशन दिलंय. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ७८,००० रुपये, गृहकर्जाचा हप्ता २७,५००, घरखर्च साधारण ३२,००० आणि गाठीला ३,२०,००० रुपयांची एकच एफडी. ती मोडावी, दुकानदाराच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’वर सामान घ्यावं, की चालू गृहकर्जावर बँक वाढवून देऊ करतेय ते टॉप-अप लोन घ्यावं, असं त्या विचारतात.

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय: ‘गिझर लावला की हॉलमधली ट्यूब मंद होते आणि मेन बोर्डाला हात लावला तर गरम लागतो.’ मी इलेक्ट्रिशियन नाही, पण एवढं वाचून कोणीही सांगेल की हा खर्च शोभेचा नाही. वायर लोड पेलत नाहीये, नाहीतर कुठला तरी जोड सैल झालाय. तेव्हा काम करायचं का, हा प्रश्नच उरत नाही. प्रश्न एवढाच की १,४२,००० मधलं काय आत्ता करायचं.

कोटेशनचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. त्यात असं आहे: घराची सगळी वायर बदलणं मजुरीसह ४६,०००, नवा डीबी (घरभर वीज वाटणारा बोर्ड), एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारे स्विच) आणि आरसीसीबी (शॉक लागला की वीज तोडणारा स्विच) ८,५००, नवे लाइट पॉइंट ३४, दर ४५० प्रमाणे १५,३००, स्पॉटलाइट २४, प्रत्येकी ५५०, म्हणजे १३,२००, अठरा मीटर एलईडी स्ट्रिप ड्रायव्हरसह (तिला वीज पुरवणारा छोटा डबा) ९,९००, मॉड्युलर स्विच आणि प्लेट २२,०००, झुंबर आणि भिंतीवरचे फॅन्सी दिवे २७,१००. बेरीज बरोबर आहे. पण दिवे ज्यात बसणार ते पीओपीचं फॉल्स सीलिंग यात नाही. त्याचा दर तुम्हाला ९५ रुपये चौरस फूट सांगितलाय आणि क्षेत्र ३८० चौरस फूट, म्हणजे आणखी ३६,१००. वायरसाठी भिंतीला झिरी मारली तर ती बुजवायला गवंडी लागेल, त्यावर रंगाचा हातही मारावा लागेल, आणि ते तर कोणीच धरलेलं नाही. तुम्ही दीड लाखाच्या आत काम होईल असं समजताय, प्रत्यक्षात आकडा पावणेदोन लाखांच्या पुढे जाईल.

आता यातली भिंतीच्या आत जाणारी वस्तू वेगळी काढा आणि भिंतीवर दिसणारी वेगळी. आतली वायर एकदा गेली की पंधरा-वीस वर्षं कोणी तिच्याकडे बघत नाही. तिथे स्वस्तातलं काही घालू नका. लाइटला दीड, साध्या प्लगला अडीच, गिझर आणि एसीला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची, आयएसआय मार्क असलेली वायर हवी, आणि कोटेशनमध्ये कंपनी आणि जाडी लिहून घ्या. तुमच्या कागदावर नुसतं ‘चांगली वायर’ लिहिलंय, त्याला काही अर्थ नाही. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर मात्र एक रुपयाही वाचवू नका. कुणाला शॉक लागला तर वीज तोडणारी वस्तू तीच आहे.

झुंबर पुढच्या वर्षी लावलं तरी चालतं, हुक आणि पॉइंट तेवढा आत्ता ठेवा. स्ट्रिपचा ड्रायव्हर तर आधी जाणारी वस्तू. तो पीओपीच्या आत कुठे बसवणार आणि बदलायला हात कसा पोचणार, हे इलेक्ट्रिशियनला विचारा. ‘नंतर बघू’ असं उत्तर आलं तर स्ट्रिप लावूच नका.

एलईडीमुळे बिल निम्म्यावर येईल, असं तुम्हाला सांगितलंय. हिशेब करून पाहू. चोकवाली जुनी ट्यूब साधारण ५० वॅट खाते, एलईडी ट्यूब २०. तुमच्या तीन ट्यूब रोज पाच तास चालतात असं धरलं तर महिन्याला साडेतेरा युनिट वाचतील. उलट अठरा मीटर स्ट्रिप मीटरला १० वॅटने १८० वॅट, आणि ७ वॅटचे चोवीस स्पॉट १६८ वॅट. रोज चार तास लावलेत तर महिन्याला चाळीसेक युनिट नवीन. म्हणजे बिल वाढेल. महावितरणच्या दरात ३०० च्या वरच्या युनिटना वरचा दर लागतो आणि उन्हाळ्यात तुम्ही त्या रेषेच्या जवळच असता. बचत हवी असेल तर तीन एलईडी ट्यूब आणा आणि लावा, त्याला पीओपी लागत नाही. दिवे छान दिसतात म्हणून लावायचे असतील तर खुशाल लावा. घर आपलं आहे, हौस असावी. फक्त तिला बचत म्हणू नका.

आता पैसे कुठून आणायचे ते. तुमचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ५९,५०० लागतात. ३,२०,००० ची एफडी म्हणजे जेमतेम साडेपाच महिन्यांची सोय. ती तुमची अडीअडचणीची गंगाजळी आहे, मोडून संपवायची शिल्लक नाही.

ईएमआयमध्ये ‘नो कॉस्ट’ काही नसतं. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. तोच दुकानदार रोखीने ५ टक्के सूट देतो असं तुम्हीच लिहिलंय. स्पॉट, स्ट्रिप, स्विच आणि फॅन्सी दिवे अशा ७२,२०० च्या सामानावर ती ३,६१० रुपये होते. ती सोडून बारा हप्ते भरायचे म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या आसपास व्याज, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी. एखादा हप्ता चुकला की क्रेडिट कार्डाचं महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांचं व्याज मानगुटीला बसतं.

टॉप-अप लोन पंधरा वर्षांचं आहे. दिवे बदलून होतील आणि हप्ते चालूच राहतील. त्यावर करसवलत मिळते असं बँकेने सांगितलं असेल तर ती जुन्या करप्रणालीतच, राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी वर्षाला जास्तीत जास्त ३०,००० रुपयांच्या व्याजावर, आणि गृहकर्जाच्या दोन लाखांच्या मर्यादेतच. तुम्ही नव्या प्रणालीत आहात, तेव्हा तो मुद्दा बाद.

एफडी आत्ता मोडलीत तर ती ठेवून झालेल्या चौदा महिन्यांना लागू असलेला दर बँक देईल आणि त्यातून एक टक्का कापेल. पूर्ण रकमेवर हा दंड पावणेचार हजारांच्या घरात जातो, आणि लागणार आहेत एक लाखाच्या आत. त्यापेक्षा त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तेवढेच पैसे उचलायचे. तुमची बँक त्याला ८.२५ टक्के लावते, एफडीला ६.७५ मिळतच राहतात आणि व्याज वापरलेल्या रकमेवर, वापरलेल्या दिवसांचंच.

माझ्या मते आत्ता एवढं करा: वायरिंग, डीबी, स्विच आणि चौतीसऐवजी सोळा पॉइंट. होतात ८३,७००. जुन्या पाइपातून नवी वायर सरकते की जागोजागी झिरी मारावी लागते, हे काम उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणून दहा टक्के जास्त धरून ९२,०००. महिन्याला १५,००० भरलेत तर सातव्या महिन्यात ओव्हरड्राफ्ट फिटतो आणि व्याज सव्वादोन हजारांच्या आसपास जातं. नंतर फक्त हॉलचं पीओपी, १५० चौरस फुटांचे १४,२५०, आणि त्यात आठ स्पॉट ४,४०० ला, हे महिन्याच्या शिलकीतून. बेडरूमला सीलिंग कशाला हवंय, मला तरी समजलं नाही. झुंबर बोनस आला की घ्या.

इलेक्ट्रिशियनशी बोलताना पॉइंट कसे मोजणार ते आधी ठरवा. पलंगापाशी आणि दाराशी अशा दोन ठिकाणांहून चालणारा टू-वे पॉइंट काही जण दोन धरतात. वायरची ९० मीटरची कॉइल तुम्ही स्वतः बिलासह आणलीत तर उरलेली वायर तुमच्या घरात राहते. ‘बिल हवं असेल तर १८ टक्के वर’ असं तो म्हणाला, त्यावर त्याचा जीएसटी नंबर मागा. नोंदणी नसेल तर त्याला जीएसटी लावताच येत नाही, आणि असेल तर तो तुमच्या मर्जीवर नसतो. मजुरी टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचे दहा टक्के मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून तपासणी झाल्यावर, परवानाधारक ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट हातात आल्यावर. त्याच्याकडे परवाना नसेल तर दुसरा माणूस बघा, त्याचे चार-पाच हजार जास्त गेले तरी चालतील.

आणि ताई, काम सुरू होईपर्यंत गिझर चालू असताना इस्त्री लावू नका. बोर्ड तपासायला उद्याच कोणाला तरी बोलवा. त्याचे जे काही तीन-चारशे रुपये लागतील, त्यासाठी माझ्या उत्तराचीही वाट पाहायची गरज नव्हती.