नागपूर ते कन्याकुमारी, मधे तीन मित्र

प्रश्न: नमस्कार ताई. मी नागपूरचा, २००० साली इंजिनीअरिंग झालं, हॉस्टेलला एका रूममधे आम्ही चौघं होतो. आता एक हैदराबादला, एक बंगळुरूला, एक मदुराईला कंपनीच्या क्वार्टरमधे, आणि मी इथेच. डिसेंबरात मी आणि बायको गाडीने कन्याकुमारीपर्यंत जायचं म्हणतोय, तिघांकडेही थांबायचंय. बायको म्हणते लोकांच्या घरी मुक्काम कशाला, हॉटेल करू, मला वाटतं मित्र रागावतील. आणि हैदराबादवाल्याशी २०११ पासून बोलणं बंद आहे, पैशांवरून झालं होतं, चूक थोडी माझीच. सरळ त्याच्या दारात जाऊन उभं राहावं, सरप्राइज द्यावं असं मनात आहे. कसं वाटतं?

उत्तर: सरप्राइज नको, अजिबात नको. इतकी वर्षं न बोललेला माणूस बायको आणि बॅगा घेऊन दारात उभा राहिला तर समोरच्याला "या" म्हणावंच लागतं, तो काही समेट नाही, ती त्याची कोंडी. निघायच्या महिनाभर आधी फोन करा आणि त्या फोनमधे ट्रिपचा विषयच काढू नका, आधी तुमच्या चुकीबद्दल बोला. पैसे द्यायचे राहिले असतील तर तेव्हाच ट्रान्सफर करा, त्याच्या बायकोसमोर पाकीट काढून टेबलावर ठेवायचा सीन नको. त्याने नाहीच उचलला तर मेडचलपाशी आउटर रिंग रोडला लागायचं, शमशाबादला बाहेर पडायचं आणि पुढे जायचं.

मुक्कामाचं म्हणाल तर वहिनी बरोबर आहेत, निदान दोन ठिकाणी तरी. नागपूर-हैदराबाद पाचशे किलोमीटर, जाम, हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद असं करत जेवायखायला थांबलात की संध्याकाळ होतेच. मी आणि आमचे हे एकदा बंगळुरूला असेच मैत्रिणीकडे रात्री साडेअकराला पोचलो, तिने पुरणपोळ्या करून ठेवलेल्या, आम्हाला फक्त झोप दिसत होती, सकाळी आठला तिचं ऑफिस, म्हणजे भेट झाली ती चपला घालताना! म्हणून पोचायच्या दिवशी हॉटेल, भेट दुसऱ्या दिवशी, अंघोळ करून ताजेतवाने. आणि बंगळुरूची भेट शनिवारीच ठेवा, इतर दिवशी तुमचा मित्र तुमच्यासाठी नाही, ट्रॅफिकसाठी जगतो.

हैदराबाद-बंगळुरू साधारण पावणेसहाशे किलोमीटर, एका दिवसात मारू नका, अनंतपूरला झोपा, म्हणजे वाटेत गुत्तीचा किल्ला बघता येईल. हायवेजवळच आहे आणि तो आपल्या मराठा सरदार मुरारराव घोरपड्यांचा, १७७६ मधे हैदरअलीने घेतला, तरी आपली माणसं गाडी न थांबवता पुढे निघून जातात. बंगळुरूनंतर धर्मपुरी-सेलमच्या मधे तोप्पूरचा घाट लागेल, उतारावर ट्रकांचे ब्रेक जातात, तो दिवसाउजेडीच उतरा, लहान गिअरमधे.

मदुराईवाल्याकडे मात्र बिनधास्त राहा, दोन रात्री राहा. तिथे त्याला मराठीत भांडायला कोण मिळत असणार! आणि कन्याकुमारी तिथून जेमतेम अडीचशे किलोमीटर, त्यालाच गाडीत घाला, मागच्या सीटवर तो चार तास जे बोलेल ते घरच्या सोफ्यावर दोन दिवसात निघणार नाही. वाटेत कोविलपट्टीला शेंगदाण्याची चिक्की मिळते, कडलै मिठाई म्हणतात, जीआय टॅगवाली, म्हणजे त्याच गावची म्हणून सरकारी नोंद असलेली, घ्याच. जाताना संत्रा बर्फी फक्त हैदराबादपुरती न्या, पुढे ती टिकणार नाही, बाकी दोघांना सावजी मसाला आणि ज्वारीचं पीठ.

हो, फास्टॅगचा वार्षिक पास काढून ठेवा, सुरुवातीला तीन हजारांना होता, वर्षभर किंवा दोनशे फेऱ्या, यातलं जे आधी संपेल ते. पण तो राष्ट्रीय हायवेवरच चालतो, हैदराबादच्या रिंग रोडला वेगळे पैसे कटतात. गाडी बंद पडली तर हायवेच्या हेल्पलाइनला, १०३३ वर, फोन करा.

प्रश्न: मी बंगळुरूला असते. नवऱ्याचे कॉलेजचे मित्र डिसेंबरात गाड्या घेऊन येतात आणि आमच्याकडेच उतरतात. टू बीएचके आहे, यंदा मुलाची दहावी. नवऱ्याला नाही म्हणता येत नाही, मग मी वाईट होते. काय करू?

उत्तर: वरच्या पत्रातला बंगळुरूवाला तुमचाच नवरा नसेल ना? असला तर अर्धं काम मी करून टाकलंय. नसला तर फोन त्यानेच करायचा, आजच, "दहावी आहे, जवळचं हॉटेल बघून ठेवलंय, जेवायला घरी या" एवढं बोलायला अर्धा मिनिट लागतो. मुलाची खोली कुणालाही द्यायची नाही, एका रात्रीसाठी पण नाही. आणि जेवायला घरी म्हणजे भाजी तुम्ही चिरायची असं काही नाही, मित्र त्याचे आहेत.