विमानाचा चढ-उताराचा वेग दाबमापक आणि एक्सेलरोमीटर जोडून अचूक कसा मिळतो?

थोडक्यात सांगायचं तर झटपट बदल एक्सेलरोमीटरकडून (त्वरण मोजणाऱ्या सेन्सरकडून) घ्यायचा आणि दीर्घकाळचा भरवसा हवेच्या दाबावर ठेवायचा.

साध्या व्हीएसआयमध्ये (चढ-उताराचा दर दाखवणाऱ्या उपकरणात) स्टॅटिक हवा, म्हणजे विमानाबाहेरच्या दाबाची हवा, बारीक छिद्रातून झिरपते आणि आतल्या-बाहेरच्या दाबातल्या फरकावर काटा हलतो. म्हणून खरा दर दिसायला ६ ते ९ सेकंद लागतात. डिजिटल सेन्सर घेतला तरी सुटका नाही. उंचीतल्या फरकाला वेळेने भागलं की नॉइज (मोजमापातली खोटी थरथर) इतका वाढतो की तो गाळावा लागतो, आणि गाळलं की पुन्हा उशीर.

एक्सेलरोमीटर लगेच बोलतो, पण त्याची चूक साचत जाते. ०.०१ मी/से² एवढा बायससुद्धा (सेन्सरची कायमची छोटी चूक) मिनिटाभरात ०.६ मी/से, म्हणजे जवळपास १२० फूट प्रति मिनिट खोटा चढ दाखवतो.

म्हणून कॉम्प्लिमेंटरी किंवा काल्मन फिल्टर, म्हणजे दोन्ही सेन्सरची मोजमापं जोडणारी गणिती पद्धत. त्वरणावरून वेग आणि उंची काढा, ती उंची बॅरो उंचीशी (दाबावरून काढलेल्या उंचीशी) ताडून पाहा आणि फरकाचा थोडा थोडा हिस्सा उंची, वेग आणि बायस या तिन्हींत परत घाला. बायसची दुरुस्ती कृपया वगळू नका, माझ्या मते खरी कमाई तिथेच आहे. मोठ्या विमानांतली आयआरएसही (त्वरण आणि फिरणं मोजून स्थिती काढणारी यंत्रणा) बॅरो उंचीचा असाच आधार घेते.

आणखी एक, वळणाकडे लक्ष द्या. उंची न बदलता ३०° बँकमध्ये (बाजूला कलून) वळताना विमानाच्या उभ्या अक्षावर १.१५ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १.१५ पट, येतो. पिच-रोल (नाकाचा वर-खाली आणि पंखांचा बाजूचा कल) वापरून त्याचा खरा उभा घटक काढला नाही, तर अशा वळणातही चढ दिसेल.