रूळ गेले तरी स्टेशन का उरतं?

प्रश्न : बंद पडलेल्या ब्रांच लाइनवरच्या एका खेड्यातल्या स्टेशनचे फोटो बघत होतो. रूळ कधीच उखडलेत पण चार-पाच बांधकामं अजून उभी आहेत. असं का होतं, आणि कुठलं बांधकाम कशाचं होतं हे ओळखायचं कसं?

उत्तर : रूळ म्हणजे लोखंड, त्याला लगेच गिऱ्हाईक मिळतं. दगड-विटांची भिंत पाडायलाच उलटा खर्च. शिवाय स्टेशनमास्तरचं घर बऱ्याच ठिकाणी स्टेशनलाच जोडलेलं असायचं, मग लाइन बंद झाल्यावर कुणीतरी तिथे राहायला येतं, गळकं छप्पर दुरुस्त करतं आणि त्यामुळेच इमारत वाचते.

ओळखताना आधी प्लॅटफॉर्मची कड शोधा, बाकी सगळं तिच्यावरून लागतं. मालाची शेड म्हणजे खिडक्या कमी, दारं भलीमोठी, आणि आतला धक्का वॅगनच्या तळाइतका उंच, म्हणजे पोती न उचलता सरळ आत ढकलता येतात. शेडच्या टोकाच्या भिंतीत नंतर विटांनी बुजवलेली मोठी कमान दिसली तर समजा की रूळ तिथून आत जायचा. सिग्नल केबिनचा वरचा मजला लाकूड-काचेचा, तो लवकर जातो, पण खालच्या भिंतीत रुळाच्या बाजूला तारा आणि दांडे बाहेर काढायची भोकं राहतात. टाकी गेलेला नुसताच दगडी चौथरा असेल तर तो इंजिनाच्या पाण्याचा असू शकतो. आणि थोडं लांब, धुराडं असलेली एकच खोली दिसली तर ती बहुतेक गँगमनची.

मला खरंच वाईट वाटतं ते मालाच्या शेडचं. लोक देखणी मेन बिल्डिंग वाचवतात आणि शेड पडू देतात, पण अशा कितीतरी लाइन प्रवाशांपेक्षा मालावरच जगल्या. वेल्समधल्या टिंटर्नला प्रवासी गाड्या १९५९ला थांबल्या, मालगाड्या मात्र १९६४पर्यंत चालू होत्या. तिथे स्टेशन आणि सिग्नल केबिन दोन्ही टिकलीयत, त्यामुळे काम कसं चालायचं ते बघणाऱ्याला कळतं. इंग्लंडमधल्या ओकहॅम्प्टनला तर नेहमीची प्रवासी सेवा १९७२ला बंद झाली, लाइन खाणीच्या दगडामुळे टिकली, आणि २०२१ला रोजच्या गाड्या पुन्हा त्याच जुन्या स्टेशनात यायला लागल्या!

प्रश्न : अशा इमारतीच्या भिंतींना ओल येते. सिमेंटचा गिलावा केला तर चालेल का?

उत्तर : नको. चुन्यातल्या जुन्या भिंतीतली ओल सांध्यांतून हळूहळू बाहेर पडते, वर सिमेंट थापलं की ती आतच कोंडते आणि मग विटा फुटायला लागतात. सांधे चुन्यानेच भरा, आणि त्याच्याही आधी पन्हळ साफ करून घ्या, कारण बऱ्याचदा ओल तिथूनच उतरत असते.