आई दोनदा चक्कर येऊन पडली. एमआरआय, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) नॉर्मल. आता टिल्ट टेबल टेस्ट सांगितली आहे. करावी का? त्रास होतो का?

एमआरआय नॉर्मलच येणार होता. क्षणभर शुद्ध जाऊन माणूस लगेच भानावर येतो, तेव्हा बहुतेक वेळा भानगड बीपीची नाहीतर हृदयाच्या ठोक्यांची असते. पण आपल्याकडे कोणी पडलं की आधी डोक्याचा फोटो!

आमचे सासरे पहाटे लघवीला उठले आणि बाथरूमच्या दारातच कोसळले. मिनिटभरात उठून 'काय झालं गं?' म्हणून मलाच विचारायला लागले. धाकटे भाऊजी पुण्याहून आले ते त्यांना थेट मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. एमआरआय, ईईजी, मानेच्या शिरांचा डॉपलर, सगळं नॉर्मल. उभं करून बीपी बघितलं का, एवढंच मी विचारत होते. तर म्हणे, 'वहिनी, त्यातलं आपल्याला काय कळतं?'

शेवटी गल्लीतल्या डॉक्टरांनी त्यांना पाच मिनिटं झोपवून बीपी घेतलं, दंडावरचा पट्टा तसाच ठेवून उभं केलं आणि परत घेतलं. वरचा आकडा १३८ वरून १०४! उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तरी उभं राहिल्यावर बीपी पडतं असं धरतात. मग डॉक्टरांनी गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी केली. बीपीच्या गोळीबरोबर प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन चालू होती, तीही बीपी उतरवते. त्यांनी गोळ्या बदलून दिल्या, तेव्हापासून सासरे पडलेले नाहीत. भाऊजी अजून म्हणतात, 'एमआरआयने खात्री तर झाली.' कसली खात्री? मेंदू आहे याची?

टिल्ट टेस्ट दुखत नाही. पट्टे बांधून टेबल ६०-७० अंशांत उभं करतात, अर्धा-पाऊण तास ईसीजी-बीपी बघत राहतात. चक्कर आली तर लगेच आडवं करतात. पण साधा ईसीजी आणि उभ्याने बीपी झालंय का, ते आधी विचारा.

हो, आई जिना चढताना किंवा आडवी असताना बेशुद्ध झाली असेल, आधी धडधडलं असेल, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर आधी हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. होल्टर, म्हणजे २४ तास ईसीजी टिपणारं छोटं यंत्र, लावतील, पण त्या २४ तासांत चक्कर आलीच नाही तर त्यात काही सापडेलच असं नाही. पडताना डोक्याला मार लागला असेल तर सीटी स्कॅन लागू शकतो, आणि झटके आले असतील किंवा बराच वेळ भान नसेल तर ईईजीही. तेवढ्यापुरतं भाऊजींचं खरं. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका.