‘बाबा आली’ असंच राहू द्या

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, केळापूर तालुक्यात राहतो. कोरडवाहू शेती आहे, पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि तूर. मुलगा सव्वासहा वर्षांचा आहे. चौथ्या वर्षी ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असल्याचं कळलं. तोंडात एक शब्द नव्हता. हवं तिकडे माझा हात धरून न्यायचा. वर्षभरापासून चित्रं दाखवून पाणी, भाकर मागतो.

यंदा जूनच्या पहिल्या वादळात तारा तुटल्या, गावात दोन दिवस लाईन नव्हती. दुसऱ्या रात्री तो बाजेवर उताणा पडून बंद पंख्याकडे बघत होता आणि मी वहीनं वारा घालत होते. पंखा हळूच फिरायला लागला अन् आवाज आला, “लाईन आली वोऽ!” मला वाटलं शेजारच्या काकू दारात आल्या, कारण लाईन आली की त्या अशाच ओरडतात, अगदी याच सुरात. दारात कोणी नव्हतं. माझ्या हातातली वही खाली पडली.

दुसऱ्या दिवशी घर भरलं. दीर मेन स्विच बंद-चालू करून म्हणत होते, “बोल ना बेटा, लाईन आली म्हण.” पाच-सहा वेळा झालं तसा तो कान दाबून बाजेखाली गेला. मग अठरा दिवस एक शब्द नाही. नंतर फाट्यावर एस.टी. दिसली तेव्हा हळूच म्हणाला, “लाईन आली.” सासूबाई म्हणतात, “हे काय बोलणं आहे? पोपटावानी बोलते.” आणि परवा हे शेतातून आले, तर त्यांच्याकडे न बघताच म्हणाला, “बाबा आली.” सासूबाईंनी “आली नाई रे राजा, आले म्हण” केलं, की पुन्हा गप्प.

हे खरं बोलणं आहे का? एका डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाच वर्षांपर्यंत बोलला नाही तर आशा सोडा. आता बोलायला लागला तर चित्रं बंद करू का? नातेवाईक म्हणतात, तोंडानं मागेपर्यंत पाणी देऊ नको. आणि ताई, तो ‘आई’ म्हणत नाही.
— एक आई

उत्तर : ताई, आधी मला एक सांगा. ‘बाबा आली’ हे त्याला कोणी शिकवलं?

कोणीच नाही. तुमच्या घरात, गल्लीत, कोणाच्याही तोंडून त्यानं हे ऐकलेलं नसणार, कारण असं कोणी म्हणतच नाही. ‘लाईन आली’ हे त्याच्याकडे एकसंध होतं, काकूंच्या सुरासकट. त्यातली लाईन त्यानं काढून ठेवली, ‘आली’ तेवढं घेतलं आणि त्याच्यापुढे बाबा बसवले. पोपट ऐकलेलं परत देतो, तो हे करत नाही. सासूबाईंना जी चूक वाटली ना, तिच्यामुळेच मी खात्रीनं सांगते की हे वाक्य त्याचं स्वतःचं आहे. पत्रात तिथपर्यंत आले आणि मी उठून अंगणात एक चक्कर मारून आले. एवढा आनंद झाला.

आपण समजतो की मूल एकेक शब्द शिकतं आणि मग ते जोडून वाक्य करतं. बरीच मुलं तशी शिकतातही. पण स्वमग्न मुलांपैकी अनेकजण आधी अख्खं वाक्य उचलतात, ज्या प्रसंगात ऐकलं त्या प्रसंगासह, आणि नंतर त्याचे तुकडे करतात. बाल्टिमोरचे डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ स्वमग्न मुलांचं सविस्तर वर्णन लिहिलं. १९४६ च्या लेखात त्यांनी पाच वर्षांच्या एका मुलाची गोष्ट दिली आहे. तो दवाखान्यात मध्येच म्हणायचा, ‘कुत्र्याला बाल्कनीतून फेकू नको.’ तिथे कुत्राही नव्हता आणि बाल्कनीही. चौकशी केल्यावर कळलं, की तीन वर्षांपूर्वी तो खेळण्यातला कुत्रा हॉटेलच्या बाल्कनीतून सारखा खाली फेकायचा आणि वैतागलेल्या आईनं त्याला असं बजावलं होतं. तेव्हापासून काही फेकावंसं वाटलं, की तो स्वतःलाच हे वाक्य सांगायचा.

माझ्याकडे राळेगावकडची एक मुलगी यायची. तिचे पहिले शब्द होते, “काटा झाला.” दोन भेटी मी ते निरर्थक म्हणून सोडून दिले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. तिसऱ्या भेटीत तिचे वडील म्हणाले, “मॅडम, कापसाच्या गाडीवर येते ना ते माह्यासंगं. काटा झाला का आम्ही भजे खायला जातो.” काटा म्हणजे कापसाचं वजन. तेव्हा माझी ट्यूब पेटली. मणी ओवायचा कंटाळा आला, की ती “काटा झाला” म्हणून उठायची आणि चप्पल घालायची. झालं ना आता, चला! एवढं सरळ ती मला सांगत होती. तिनं ते पहिल्यांदा म्हटल्यावर पुढचे चार महिने ती गप्पच होती, म्हणून तुमच्या अठरा दिवसांनी मी घाबरत नाही.

तुमच्या मुलाची ‘लाईन आली’ विजेची नाहीच. ज्याची वाट बघत होतो ते आलं, असा त्याचा अर्थ मी लावते. फाट्यावर एस.टी. दिसली तेव्हा ते शब्द किती चपखल बसतात बघा. अशा वेळी त्याच्याच सुरात म्हणा, “हो, एस.टी. आली!” आणि थांबा. ‘बाबा आली’ म्हणाला तर हसून, “हो, बाबा आले!” एवढंच. आजीचं ‘आले म्हण’ आणि तुमचं ‘हो, बाबा आले’ यांत शब्द तेच आहेत. पण पहिल्यानं त्याची परीक्षा होते आणि दुसऱ्यानं त्याला उत्तर मिळतं. ‘आले’ सावकाश येईल. तोवर ‘आली’ राहू द्या.

दिरांवर रागावू नका, त्यांनी मायेनंच केलं. पण मेन स्विचचा खेळ आता बंद. अशा मुलांवर ‘बोल’ म्हणून नजरा रोखल्या, की आलेला शब्दही आत अडकतो. तान्ह्या पोळ्याला नंदी घेऊन घरोघरी जाल, तेव्हाही कोणापुढे त्याला बोलून दाखवायला लावू नका.

पाच वर्षांच्या अटीबद्दल स्पष्ट सांगते. ती अट खरी नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चौथ्या वर्षी ज्यांचं बोलणं फार मागे होतं, अशी ५३५ स्वमग्न मुलं त्यात होती. चौथ्या वर्षी किंवा त्यानंतर त्यांच्यापैकी सुमारे ७० टक्के मुलं शब्द जोडून बोलू लागली आणि ४७ टक्के मुलं सफाईनं बोलू लागली. उरलेली ३० टक्के मुलंही खरीच आहेत, म्हणून तुमचा मुलगा घडाघडा बोलेलच असं वचन मी देत नाही. पण आशा सोडा म्हणायचा अधिकार कोणालाच नव्हता.

चित्रं अजिबात काढू नका. चित्रांमुळे बोलणं मागे पडत नाही, हे अभ्यासांतून तपासलं गेलंय; उलट बऱ्याच मुलांना त्यांचा आधारच होतो. चित्र दाखवलं, की तुम्ही “पाणी” म्हणा आणि पाणी द्या. आणि पाणी अडवून धरायचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका. तहानलेल्या लेकराला शब्द सुचत नाही, त्याला फक्त एवढं कळतं की आई पाणी देत नाही.

कानाची तपासणी राहिली असेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बेरा चाचणीची चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी अर्ज करा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो.

आता ‘आई’. पत्रातलं ते शेवटचं वाक्य तुम्ही दाबून लिहिलंय, शाई पलीकडच्या पानावर उमटली आहे. ताई, तुमच्या मुलानं आजवर कशाकशाची नावं घेतली ते बघा. लाईन जाते आणि येते. एस.टी. जाते आणि येते. बाबा शेतात जातात, संध्याकाळी येतात. तुम्ही कुठे जाता? अंधारातही वारा घालत बाजेशीच होता. ज्याची वाट बघावी लागत नाही त्याला हाक मारायची गरज त्याला अजून पडलेली नाही. एखाद्या दिवशी त्याला आजीजवळ ठेवून तासभर शेजारी जाऊन या आणि परत आल्यावर दारातून तुम्हीच म्हणा, “आई आली!” सूर काकूंचा घ्या. ‘आली’ त्याच्याकडे आधीच आहे.

त्या रात्री हातातून पडली ती वही आता कामाला लावा. तो काही म्हणाला की शब्द लिहा, सूर कोणाचा होता ते लिहा, आणि त्याच्या आधी काय घडलं तेही लिहा. दिवाळीनंतर तिची पानं मला पाठवा. अक्षर कसंही असू द्या.