दुप्पट मागितली, दोनदा छापलं

प्रश्न: रुबी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतलीय. आकडा विचारून त्याची दुप्पट दाखवायची होती, पण १२ टाकलं की २४ ऐवजी १२ च दोनदा येतं, एकाखाली एक. कुठे चुकतंय?

उत्तर: गणित बरोबर आहे हो तुमचं, पण तुम्ही ज्याला आकडा समजताय तो आकडाच नाहीये. 'गेट्स' (टाईप केलेलं वाचणारी कमांड) जे आणून देतं ती स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर असतो आणि रुबीत स्ट्रिंगला २ ने गुणलं की ती दोनदा जोडून मिळते, वर शेवटी एंटरचं नव्या ओळीचं चिन्ह चिकटलेलं, म्हणून एकाखाली एक. 'गेट्स'नंतर डॉट देऊन 'टू_आय' लावा, ते मजकुराचा आकडा करतं, मग २४ येईल.

पण त्याआधी छापणाऱ्या 'पुट्स'च्या जागी 'पी' टाकून तीच व्हॅल्यू छापून बघा, अवतरणचिन्हं आणि ते चिकटलेलं चिन्ह दोन्ही डोळ्यांना दिसतील, आणि हे तुम्हाला स्वतःला दिसणं फार गरजेचं आहे, नाहीतर पुढच्या वेळी परत इथेच अडाल. रन करायच्या आधी काय उत्तर येणार ते कागदावर लिहा, एका वेळी एकच ओळ बदला. बारीकसारीक तपासायला आयआरबी आहेच, त्यात एकेक ओळ टाकली की लगेच उत्तर दिसतं.

आणि हो, कुणी 'बारा' असं अक्षरात टाईप केलं तर 'टू_आय' गुपचूप ० देतं, तिथे त्याऐवजी 'इंटिजर' वापरलेलं बरं, ते लगेच एरर देतं.